चार बागा आणि एक दिवस

दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र येणे आणि आमच्या माळ्यावरचा आकाशकंदील खाली येणे, या दोन गोष्टींची दरवर्षी नेमकी गाठ पडते. या खेपेच्या पत्रात एक ओळ जादा होती : ‘आपण अमेरिकेला जाऊन आलात असे कळते. तरी वाचकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी नियोजनावर लिहावे.’

नियोजनावर, आणि मी! वाचकहो, गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. या अठरा वर्षांत एकदाही माझा अभ्यासक्रम वेळेवर संपलेला नाही. जूनमध्ये संतकवींचे बोट धरून निघालेला मी मार्चमध्ये धापा टाकत पंतकवींपर्यंत पोचतो, आणि आधुनिक कवींना परीक्षेच्या आदल्या दिवशी जादा तासात घाईघाईने उरकतो. अशा माणसाने नियोजनाचे धडे द्यावेत म्हणजे टक्कल पडलेल्याने केसांच्या तेलाची जाहिरात करावी तसे आहे. तरीही लिहितो, कारण नियोजन कसे असते ते 2025 च्या मे महिन्यात मी फार जवळून पाहिले. त्या नियोजनाचे नाव दादा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पंचवीस वर्षे अमेरिकेत आहे, फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरात. व्यवसायाने इंजिनिअर, आणि स्वभावानेही. ‘तुम्ही एकदा याच’ हे वहिनींचे पालुपद बरीच वर्षे चालले होते. अखेर सौ.ने पासपोर्ट काढले, कन्येने बॅगा भरल्या, आणि मी ‘बरं’ म्हणालो. त्या ‘बरं’मध्ये माझ्याकडून फारसा उत्साह नव्हता. त्याचे कारण पुढे येईल.

पोचल्याच्या तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर दादाने संगणक उघडला. पडद्यावर एक्सेलचा तक्ता होता. वर ठळक अक्षरांत तारीख, आणि खाली पहाटे 5.30 पासून रात्री 11 पर्यंत एक्केचाळीस ओळी.

‘‘एका दिवसात चारही बागा,’’ दादा म्हणाला. ‘‘चारही होतात. मी हिशेब केलाय.’’

एका ओळीत ‘स्वच्छतागृह : 7 मिनिटे’ असे होते. सौ.ने ती ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिले.

या चार बागा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचे एक संस्थान आहे. संस्थान म्हणायचे कारण असे, की त्याचा पसारा सुमारे 25 हजार एकरांचा आहे. त्यात चार स्वतंत्र थीम पार्क आहेत. मॅजिक किंगडम हे सर्वांत थोरले, 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलेले. बरोबर अकरा वर्षांनी, 1 ऑक्टोबर 1982 ला एप्कॉट आले. 1989 मध्ये आज ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि 1998 मध्ये धाकटे ॲनिमल किंगडम. शहाणी माणसे एकेका बागेला एकेक दिवस देतात. पण पार्क हॉपर नावाचे एक तिकीट असते, ते काढले की एकाच दिवशी एका बागेतून दुसरीत उडी मारता येते. साथीनंतर 2021 मध्ये दुपारी दोनपूर्वी उडी मारायला बंदी होती. ती जानेवारी 2024 मध्ये उठली. बंदी उठल्याची बातमी दादाने जपून ठेवली होती.

आता संपादकांच्या आज्ञेप्रमाणे, दादाने त्या रात्री आम्हांला समजावलेली तत्त्वे वाचकांपुढे मांडतो. ती मुंबईदर्शनालाही लागू पडतील, आणि अष्टविनायकालाही.

पहिले तत्त्व : जी जागा सर्वांत आधी उघडते आणि सर्वांत आधी मिटते, तिथे पहिल्यांदा जावे. ॲनिमल किंगडम सकाळी लवकर उघडते. शिवाय जनावरे ही आपल्यासारखीच असतात. सकाळी हिंडती-फिरती आणि दुपारी झाडाखाली आडवी.

दुसरे : पहिला तास सोन्याचा. दरवाजा उघडल्यावर पहिल्या तासात जेवढे पाहून होते, तेवढे पाहायला दुपारी तीन तास लागतात. म्हणून सगळ्यांना हवे ते आधी गाठावे, आणि कुणालाच फारसे नको ते दुपारसाठी ठेवावे.

तिसरे : गाडी सकाळी सोयीची असेल तिथे ठेवू नये, रात्री थकलेले पाय जिथे बाहेर पडणार तिथे ठेवावी. एका बागेत गाडी उभी करण्याचे पैसे भरले की त्या दिवशी इतर बागांत पुन्हा भरावे लागत नाहीत. म्हणून पहिली बाग झाल्यावर गाडी मॅजिक किंगडमच्या वाहनतळावर न्यायची. तिथून मोनोरेलने एप्कॉट. एप्कॉटच्या मागल्या दाराने स्कायलायनर, म्हणजे 2019 मध्ये सुरू झालेले तारेवरचे पाळणे, त्यातून स्टुडिओज. तिथून बसने मॅजिक किंगडम. रात्री बाहेर पडावे तो समोर गाडी.

चौथे : एका बागेतून दुसरीत जायला, दारापासून दारापर्यंत, पाऊण तास धरावा. नकाशात बोटभर अंतर दिसते. बोटाला पाय नसतात.

पाचवे : जेवण साडेदहाला किंवा अडीचला करावे. बाराला भूक लागते ती सगळ्या जगाला लागते. यावर वहिनींनी आपल्या अधिकारात दुरुस्ती केली. घरचा डबा आत न्यायला परवानगी आहे. तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे त्या नेणार होत्या.

सहावे तत्त्व रांगेचे. रांगेचेही शास्त्र आहे, हे मला त्या रात्री कळले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने 1909 मध्ये त्याचा पाया घातला. फोनवर किती जणांना ताटकळावे लागेल हा त्याचा प्रश्न होता. पुढे 1961 मध्ये जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकाने एक साधा नियम सिद्ध करून दाखवला. तुमच्या पुढे माणसे किती, ती मोजा. दर मिनिटाला किती जण आत जातात, ते मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर म्हणजे तुमचे थांबणे. पुढे नऊशे माणसे, मिनिटाला वीस आत, तर पंचेचाळीस मिनिटे. रेशनच्या रांगेत अर्धे आयुष्य काढलेल्या आमच्या आईला हे न शिकता येत असे.

आणि ज्याला रांगच नको त्याच्यासाठी लाइटनिंग लेन आहे. जादा पैसे भरून फोनवर वेळ नोंदवायची आणि बाजूच्या आखूड रांगेतून जायचे. आरंभी एकाच बागेतल्या तीन नोंदी मिळतात. त्यांतली एक वापरून झाली की पुढची घ्यायची, मग ती दुसऱ्या बागेतली असली तरी चालते. दादाचा सारा डोलारा या शिडीवर उभा होता. आणि ती शिडी होती दादाच्या फोनमध्ये.

फोन सहा वर्षांचा होता. त्याच्या पाठीला तडा गेला होता, तो दादाने चिकटपट्टीने बुजवला होता. आमचे बाबा असेच छत्री दुरुस्त करत.

पहाटे साडेपाचला निघालो. आठला ॲनिमल किंगडमच्या दारात, सव्वाआठला सफारीच्या उघड्या मोटारीत. जिराफ रस्ता अडवून उभा राहिला तेव्हा दादाने घड्याळ पाहिले; जिराफाने पाहिले नाही. एवढे सोडले तर सारे तक्त्याप्रमाणे चालले होते.

मग आम्ही आशिया खंडात शिरलो. तिथे आनंदपूर नावाचे एक काल्पनिक संस्थान रचले आहे. पडकी देवळे, रंगीत पताका, घंटा, भिंतींवर उडालेला रंग. पंधरा हजार किलोमीटर उडून यावे आणि आपल्याच मावशीच्या गावात उतरावे, तसे झाले. सौ.ने नकळत पायांतल्या चपलांकडे पाहिले. पुढे पाण्याच्या वेगवान प्रवाहात गोल तराफ्यांतून फिरवतात. त्या नदीचे नाव चक्रनदी. आता मराठीच्या प्राध्यापकापुढे असा शब्द आणून ठेवल्यावर तो गप्प कसा बसेल?

‘‘चक्राकार वाहणारी नदी ती चक्रनदी,’’ तराफ्यात बसता बसता मी कन्येला सांगितले. ‘‘मध्यमपदलोपी समास. मधलं पद लोप पावतं.’’

नेमक्या त्याच वेळी दादाने फोन बाहेर काढला. सफारीची नोंद वापरून झाली होती, एप्कॉटमधली पुढची घ्यायची मुभा होती, आणि तराफा काठाला लागेपर्यंत थांबणे त्याच्या तक्त्यात बसत नव्हते. पहिले वळण गेले. दुसऱ्या वळणावर एक लाट दादाच्या मांडीवर येऊन बसली.

फोन मेला. चिकटपट्टीमागच्या तड्यातून पाणी आत गेले असावे. आमच्या योजनेचे मधले पद तेथेच लोप पावले.

‘‘माझ्या फोनवरून करू की,’’ वहिनी म्हणाल्या.

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. परवलीचा शब्द त्याला पाठ नव्हता; तो त्याच्या फोनला पाठ होता. नवा मागवावा, तर त्याचा संकेतांक त्या मेलेल्या फोनवर येणार. तिकिटे सुदैवाने प्लॅस्टिकच्या कार्डांवर होती. म्हणून आधीच नोंदवलेले एव्हरेस्ट तेवढे पदरात पडले. पुढे मात्र आम्ही आणि रांग.

एक्केचाळीस ओळींपैकी दादाला एकवीस आठवल्या. त्यांच्या जोरावर आम्ही गाडी नेली, मोनोरेल गाठली आणि एप्कॉटला पोचलो. तिथे 180 फूट उंचीचा एक चंदेरी गोल आहे. त्याच्या पोटात गाडीत बसवून माणूस माणसाशी कसा बोलू लागला याचा इतिहास दाखवतात : गुहेतली चित्रे, इजिप्तचा पपायरस, फिनिशियन लोकांची अक्षरे, गटेनबर्गचा छापखाना. मला तिथे पुन्हा बसायचे होते. दादा म्हणाला, ‘‘वेळ नाही.’’ मग तळ्याभोवती मांडलेले अकरा देश आम्ही भराभर पायांखाली घातले. मेक्सिको ते जपान मी एका पुरीवर केले.

स्कायलायनरच्या पाळण्यातून स्टुडिओजमध्ये उतरलो आणि आभाळ भरून आले. फ्लॉरिडातली दुपार अशीच असते म्हणे. विजा कडाडू लागल्या की उघड्यावरचे सारे पाळणे थांबवतात, आणि माणसे छपराखालच्या खेळांकडे धावतात. आम्हीही धावलो. टॉय स्टोरी मेनियाच्या दारावर पाटी होती : 75 मिनिटे. दोघी जावा ‘‘आम्ही इथेच कॉफी पितो’’ म्हणून बाहेर बसल्या. त्यांचेच खरे शहाणपण. कन्या, दादा आणि मी रांगेत उभे राहिलो. कन्येने कानांत बोंडे घातली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा दादा आणि मी समोरासमोर, काही काम नसताना, उभे राहिलो.

आता ते कारण सांगतो.

बाबा 2021 च्या एप्रिलमध्ये गेले. साथीची दुसरी लाट होती. शेवटचे चार दिवस दादाने त्यांना फोनच्या पडद्यावर पाहिले. स्मशानात आम्ही चौघेच होतो. घरी आल्यावर मी दादाला एक ओळ लिहून पाठवली : ‘तुला यायचं असतं तर आला असतास.’ तिचे उत्तर आले नाही. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, आणि त्याने पुण्याची हवा कशी आहे ते विचारले. मी सांगितली. त्यानंतर चार वर्षे, दर रविवारी, आम्ही हवेवर बोललो. एवढी हवा वेधशाळेलाही ठाऊक नसेल.

दादा ओठांतल्या ओठांत माणसे मोजत होता. ‘‘मिनिटाला साधारण वीस. पुढे हजारेक. म्हणजे पन्नास मिनिटं.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘तुला मुंबईचा तो दिवस आठवतो?’’

आठवत नाही कसा! साल 1989. मी आठ वर्षांचा, दादा चौदा. बाबांनी एका पाकिटाच्या मागे वेळापत्रक लिहिले होते. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, मग गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, राणीची बाग, आणि पाच दहाच्या क्वीनने परत. आमची क्वीन हुकली. बाबा म्हणाले, बसने घोटाळा केला. आम्ही रात्रीच्या गाडीने आलो. कर्जतला बाबांनी वडे घेतले, आणि मी आईच्या मांडीवर झोपलो. माझ्या लहानपणातला तो सर्वांत सुंदर दिवस. तसे मी दादाला म्हणालोही.

‘‘बसने घोटाळा केला नव्हता,’’ दादा म्हणाला. ‘‘राणीच्या बागेत तू पाणघोड्यासमोर बसलास. तो तोंड उघडल्याशिवाय हलणार नाही म्हणालास. चाळीस मिनिटं. बाबांनी तुला उचललं नाही. आम्ही बोरीबंदरला पोचलो तेव्हा क्वीनचा शेवटचा डबा दिसत होता.’’

‘‘मला कुणी सांगितलं नाही.’’

‘‘बाबांनीच सांगू नकोस म्हटलं होतं. म्हणाले, चूक कुणाची ते सांगून गाडी काही परत येत नाही. तू तेव्हा खांबाभोवती फेऱ्या मारत होतास. मी बाबांकडे बघत होतो. त्यांच्या खिशात परतीची राखीव तिकिटं होती. त्या डब्याकडे बघताना त्यांचा चेहरा...’’ दादा थांबला. रांग चार पावले सरकली. आम्हीही सरकलो. ‘‘मी तिकीट काढलं होतं. एप्रिलमध्ये. बहात्तर तासांच्या आतला तपासणीचा अहवाल लागायचा. अहवाल यायला दोन तास उशीर झाला. मी विमानतळावरच होतो, बॅग घेऊन. काचेतून विमान दिसत होतं. तेव्हा मला बाबांचा तो चेहरा आठवला. दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट मिळवलं होतं. पण त्याच्या आधीच तुझा फोन आला.’’

‘‘आणि हे तू चार वर्षं सांगितलं नाहीस?’’

‘‘सबब सांगतोय असं वाटलं असतं.’’

वाचकहो, मी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे. क्षमा या अर्थाचे मराठीत किती शब्द आहेत, ते मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवू शकेन. त्या रांगेत मला एकही सापडला नाही. मी दादाच्या दंडाला नुसता हात लावला. मागच्या बाई म्हणाल्या की पुढे जागा झाली आहे. आम्ही पुढे झालो.

पन्नास मिनिटांचा हिशेब चुकला. बासष्ट लागली. शेजारच्या लाइटनिंग लेनमधून येणारी माणसेही त्याच दारातून आत जातात, ती दादाने धरली नव्हती. आत गेल्यावर सर्वांना एकेक विशेष चष्मा देतात. तो लावून, दोरी ओढून, पडद्यावरच्या निशाणांवर नेम धरायचा असतो. चष्मा होता ते फार बरे झाले. दोघा भावांचे नेम भलतीकडेच गेले. कन्येने दोघांच्या बेरजेहून जास्त गुण मिळवले.

मॅजिक किंगडमला पोचायला रात्रीचे साडेआठ वाजले. तक्त्यातल्या नऊ गोष्टींपैकी एक झाली. मग किल्ल्यावर आतषबाजी सुरू झाली, आणि सौ. म्हणाली, ‘‘आपल्याकडची लक्ष्मीपूजनाची रात्र!’’ वहिनी काही बोलल्या नाहीत. पंचवीस दिवाळ्या त्यांनी तिकडे काढल्या आहेत.

गर्दी ओसरावी म्हणून आम्ही दाराजवळच्या चौकात थांबलो. किल्ल्यासमोर वॉल्ट डिस्नेचा पुतळा आहे, तो सगळे पाहतात. या चौकात बाकावर बसलेला दुसरा एक पुतळा आहे, मिनी माउसचा हात धरलेला. तो रॉय डिस्नेचा, वॉल्टच्या थोरल्या भावाचा. वॉल्ट 1966 च्या डिसेंबरात वारला तेव्हा इथे जमिनीखेरीज फारसे काही नव्हते. रॉय सत्तरी ओलांडलेला. निवृत्ती पुढे ढकलून त्याने हे उभे केले, आणि नावात ‘वॉल्ट’ हवेच असा आग्रह धरला. ऑक्टोबर 1971 मध्ये बाग उघडली, आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. हे मला दादाने सांगितले. सांगताना त्याने घड्याळ पाहिले नाही.

तात्पर्य काय, तर वर दिलेली सहाही तत्त्वे उत्तम आहेत; वाचकांनी ती जरूर वापरावीत. रात्री बोटीने तळे ओलांडून बाहेर आलो तो गाडी खरोखरच समोर होती, आणि झोपलेल्या मुलीला फार लांब न्यावे लागले नाही. चार बागा एका दिवसात होतात. फक्त फोन सुका ठेवावा, आणि तक्त्यात एक ओळ कोरी सोडावी. माझ्या हिशेबाने बासष्ट मिनिटांची.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी दादाचा फोन आला. हवा कशी आहे ते त्याने विचारले नाही.

‘‘पाणघोडा काय म्हणतो?’’ तो म्हणाला.

दिवाळीला दादा आणि वहिनी येत आहेत. कालच तक्ता आला. एक दिवस मुंबई : सकाळची डेक्कन क्वीन, गेटवे, म्हातारीचा बूट. मत्स्यालयाची ओळ त्याने स्वतःच खोडली आहे, ते बंद झाले म्हणून. शेवटच्या रकान्यात, जिथे बाकी सगळीकडे मिनिटे लिहिली आहेत, तिथे राणीच्या बागेपुढे लिहिले आहे : ‘तो हलेपर्यंत.’ आणि त्याखाली, कंसात : ‘पाच दहाची हुकली तरी चालेल.’